बावडीतले बारा गॉब्लिन: इंदूरच्या एका टेबलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेतल्या एका घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी सहा जण जमतात, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या खेळासाठी. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि राक्षसांची बाजू सांभाळणारा) बँकेत नोकरीला, तिशीचा. धाकटे त्याला दादा म्हणतात. त्याची आतेबहीण फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची एक मैत्रीण वकील, कोर्टात नुकतीच उभी राहू लागलेली. शेजारचा एक मुलगा बारावीत. डीएमचा कॉलेजातला मित्र घरचा मालवी, मराठी सगळं समजतं पण बोलणार इंदुरी हिंदीच. आणि सहावे काका. घर त्यांचंच. हिशेब तपासण्यात उभी नोकरी गेली, निवृत्त झाले. ‘माझ्या माडीवर चाललंय तरी काय’ म्हणून एकदा वर आले आणि बसले ते बसलेच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मंडळी दोन वर्षं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती खेळत होती. जानेवारी २०२३ मध्ये त्या खेळाच्या परवान्यात (ज्याच्या आधारे इतरांना त्यावर आधारित साहित्य काढता येतं) बदल होणार अशी बातमी फुटली आणि जगभर गदारोळ उठला. महिनाअखेरीस, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना खुला केला. पण मधल्या त्या दिवसांत अनेकांनी इकडेतिकडे पाहायला सुरुवात केली होती. आमचा डीएम त्यातलाच. शोधता शोधता तो रेट्रोक्लोनपाशी, म्हणजे जुन्या नियमांच्या नव्या अवतारांपाशी, पोचला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ खेळ १९७४चा. १९८१ मध्ये त्याची बेसिक आणि एक्स्पर्ट अशी दोन पातळ पुस्तकं निघाली, आजही जुनी मंडळी त्यांची आठवण काढतात. पुढे आवृत्त्या बदलत गेल्या आणि जुने नियम बाजारातून गेले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना आला. त्याच्या आधारावर हौशी लोकांनी जुने नियम नव्या शब्दांत, नव्या नावाने पुन्हा मांडले. २००६चं ‘ऑस्रिक’ हे त्यातलं सुरुवातीचं ठळक नाव. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ २०१९चं. ते १९८१च्या नियमांशी जवळजवळ तंतोतंत जुळतं आणि मांडणी इतकी सुटसुटीत की हवा तो नियम लगेच सापडतो. डीएमने हेच निवडलं. खेळाडूंना लागणारी पानं खजुरी बाजारात छापून, स्पायरल करून आणली.

फाशांचे संच पाचच होते. काकांसाठी नवा मागवायचं ठरत होतं, तेवढ्यात डीएमने सांगितलं की १९७९च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा मूळ खेळाच्या डब्यातही फाशांऐवजी आकडे छापलेले तुकडे घातले होते. काका खाली गेले आणि हाउजीची पिशवी घेऊन आले. १ ते २० ठेवले, बाकीचे काढून टाकले. वीसबाजूंच्या फाशाच्या जागी त्यांचा हात आजही त्या पिशवीतच जातो.

डीएमने डन्जन, म्हणजे खेळाडूंनी धुंडाळायची धोक्याची जागा, स्वतः रचलं होतं. माळव्यातली एक पडकी गढी, तिच्याखाली तीन मजली बावडी, सर्वांत खाली पाणी.

अडचण

तिसऱ्या रविवारी अख्खी पार्टी, म्हणजे खेळाडूंची सगळी पात्रं, मेली.

डीएमने टिपणं ठेवली होती, त्यामुळे घटनाक्रम नीट सांगता येतो. पाच कॅरेक्टर, सगळी पहिल्या लेव्हलची. काकांचा फायटर ६ एचपीचा (किती मार सोसता येतो त्याचा आकडा), वकीलबाईंचा ड्वार्फ ५, मालवी मित्राचा क्लेरिक (पुजारी) ४, बारावीवाल्याचा एल्फ ३, आणि आतेबहिणीची जादूगारीण गोदा २. जुन्या नियमांत जादूगाराला एचपीसाठी चारबाजूंचा फासा आणि पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र. गोदाकडे ‘स्लीप’ होता. त्याने आठबाजूंच्या दोन फाशांवर येईल तितक्या हिट डाइसचे (राक्षसाच्या ताकदीचं माप) छोटे राक्षस झोपतात, आणि त्यांना सेव्हिंग थ्रोही (बचावाचा फासा) नाही. पहिल्या लेव्हलला याहून मोठं अस्त्र नाही. ते तिने दुसऱ्याच खोलीत दोन मोठ्या उंदरांवर खर्च केलं. एल्फकडेही एक मंत्र होता, पण तो ‘रीड मॅजिक’. लढाईत त्याचा उपयोग शून्य.

मग बावडीच्या पहिल्या मजल्यावरची लांब ओवरी. आत शेकोटीभोवती बारा गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षस, जेवायला बसलेले. डीएमने वर्णन संपवलं आणि थेट इनिशिएटिव्ह, म्हणजे आधी वार कुणाचा याचा फासा, टाकायला सांगितलं. सहा राउंडांत सगळं आटोपलं. पहिल्याच फेरीत गोदा गेली, शेवटी फायटर. गॉब्लिनांचे सात पडले, उरलेले पाच शेवटच्या क्षणापर्यंत लढत राहिले.

टेबलावर काही वेळ कुणी बोललं नाही. बारावीवाल्याला हसू आवरेना. त्याने तिथेच तीन फासे सहादा टाकून नवं कॅरेक्टर बनवायला घेतलं. आतेबहीण मात्र भडकली. ‘दादा, तीन पानं लिहिली होती मी गोदाची. आई-बाप, गाव, गुरू, सगळं. तिसऱ्या रविवारी संपली?’ काकांनी पिशवीची नाडी ओढली आणि म्हणाले, ‘हे असंच असतं का रे यात?’ मालवी मित्राने विचारलेला प्रश्न मात्र पुढे सगळ्यात कामी आला. ‘भिया, ये गोब्लिन मरने को इतने राजी क्यों थे? पगार मिलती हे क्या इनको?’

डीएमने मला टिपणं दाखवली ती यानंतर. त्याचं म्हणणं, जुने नियम फार क्रूर आहेत, नव्या लोकांना झेपत नाहीत. टिपणं वाचून माझं मत वेगळं झालं. तो खेळत होता ते जुने नियम नव्हतेच. लढाईचा भाग त्याने जसाच्या तसा घेतला होता: कमी एचपी, शून्याला मृत्यू. त्या क्रूरपणाला ज्या नियमांनी आळा बसतो, ते मात्र ‘किचकट’ म्हणून एकेक करत वगळले होते.

काय काय गळालं होतं ते बघा. राक्षस भेटले की दोन सहाबाजूंचे फासे टाकून त्यांचा पवित्रा ठरवायचा असतो. ३६ शक्यतांपैकी एकातच ते ताबडतोब चाल करून येतात, आणखी नऊंत शत्रुत्वाने वागतात. उरलेल्या २६ वेळा, म्हणजे दर चारातल्या जवळजवळ तीन वेळा, संशय, तटस्थपणा किंवा क्वचित मैत्री. हा फासा त्या दिवशी पडलाच नाही.

दुसरी गोष्ट मोराल, म्हणजे लढत राहण्याची हिंमत. गॉब्लिनांचं मोराल ७. त्यांच्यातला पहिला पडला की एक तपासणी, निम्मे पडले की दुसरी. दोन फाशांची बेरीज सातच्या वर गेली की पळ काढायचा नाहीतर शरण यायचं. एका तपासणीत ते टिकण्याची शक्यता ३६ पैकी २१. दोन्हींत टिकण्याची साधारण ३४ टक्के. म्हणजे बारापैकी सात पडेपर्यंत, तीनातल्या दोन वेळा, ही लढाई गॉब्लिनांनीच सोडली असती. पगाराच्या प्रश्नाचं उत्तर नियमांत होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: सोन्याचे अनुभवगुण. डीएम फक्त राक्षस मारल्याचेच गुण देत होता. एका गॉब्लिनचे ५ गुण, पाच जणांत वाटले की प्रत्येकी एक. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात. करा हिशेब: दोन हजार गॉब्लिन. उलट गढीबाहेर सुखरूप आणलेल्या खजिन्याच्या दर सोन्याच्या नाण्यामागे एक गुण. ५०० नाण्यांचा एक हार चोरून आणला तर प्रत्येकी शंभर गुण, आणि तलवार म्यानातच. हा नियम काढला की खेळाडूंना लढण्याखेरीज कारणच उरत नाही, आणि २ एचपीच्या जादूगारिणीने लढायचं म्हणजे मरायचंच.

शिवाय दहा मिनिटांचे टर्न, सहा टर्नांत विझणारी मशाल, दर दोन टर्नांनी भटक्या राक्षसांचा फासा, ओझं, भाड्याची माणसं, हे सगळंच वगळलेलं. आणि एक बारीक गोष्ट, जी वाचताना मी कपाळावर हात मारला. ड्वार्फला गॉब्लिनांची भाषा येते. वकीलबाईंच्या कॅरेक्टर शीटवर ते लिहिलेलंही होतं. ओवरीच्या दारात कुणी विचारलं नाही, तिलाही सुचलं नाही.

समोर असलेले पर्याय

पाचव्या आवृत्तीकडे परत जाणं सगळ्यात सोपं होतं. आतेबहिणीचा आग्रह तोच. तिथे शून्यावर आल्यावरही वाचण्यासाठी फासे टाकता येतात आणि रात्रभर विश्रांती घेतली की एचपी भरतात. डीएमचं मन मात्र जुन्यात अडकलं होतं.

पडद्याआड फासे टाकून गरजेप्रमाणे आकडा बदलायचा, हा डीएमचा स्वतःचा पर्याय. काकांनी एका वाक्यात निकाल लावला: ‘मग मी पिशवीत हात कशाला घालतो?’

घरगुती सवलती द्यायच्या, म्हणजे पहिल्या लेव्हलला पूर्ण एचपी, मृत्यू शून्याऐवजी उणे दहावर. अनेक टेबलांवर असं चालतं आणि त्यात गैर काही नाही. पण रोग दुसरीकडे होता. ६ ऐवजी ८ एचपीचा फायटर त्या ओवरीत फार तर आणखी एक-दोन राउंड टिकला असता.

२०२३चं ‘शॅडोडार्क’ घ्यायचं असंही बोलणं झालं. त्यात मशाल घड्याळाच्या खऱ्या एका तासाने विझते, वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. नवं पुस्तक घेण्याआधी ही एकच कल्पना मोबाइलच्या टायमरवर करून पाहिली. पण खालून पोह्यांचा ट्रे वर आला की जिरावन कुणाकडे, शेव कुणाला, यातच अर्धी मशाल जळून जायची. टायमर बंद झाला.

उरला शेवटचा पर्याय: पुस्तकात आहे ते सगळं, काहीही न वगळता, काही रविवार खेळून पाहायचं. माझं मत याच बाजूला होतं आणि मी ते सांगितलं. डीएमची शंका रास्त होती: ‘एवढं सगळं मी एकटा कसं सांभाळू?’

काय केलं

निर्णायक ठरलं ते हेच, की हे काम डीएमने एकट्याने सांभाळायचं नाही. १९८१च्या पुस्तकातही पार्टीचा एक कॉलर (सगळ्यांच्या वतीने डीएमला सांगणारा) आणि एक मॅपर (नकाशा काढणारा) नेमलेला असतो. इथे काम आणखी वाटलं. काकांनी वहीच्या पानावर चौकटी आखल्या, एक चौकट म्हणजे दहा मिनिटं. दर दुसऱ्या चौकटीवर लाल टिंब, दर सहाव्यावर मशालीची खूण. टर्न संपला की एक चौकट खोडायची. ‘दोन घरं झाली, टाक फासा,’ असं तेच डीएमला सांगू लागले. नकाशा बारावीवाल्याकडे, ओझं आणि पैसा वकीलबाईंकडे. डीएमकडे उरलं वर्णन आणि राक्षसांची बाजू. पवित्रा आणि मोरालचे फासे सगळ्यांसमोर टाकायचे ठरलं.

पहिला वाद मेलेल्यांच्या नकाशावरून झाला. नव्या कॅरेक्टरांना तो वापरता येईल का? बारावीवाला म्हणाला, ‘दादा, मला पाठ आहे तो. विसरू कसा?’ डीएमने निर्णय दिला की नकाशा प्रेतापाशी आहे, जाऊन आणा. त्यात अख्खा एक रविवार गेला. मला हा निर्णय पटला नाही. या पद्धतीच्या खेळात खेळाडू स्वतः शहाणा होत जातो, तीच तर त्याची कमाई. ती कॅरेक्टरबरोबर पुरायचं कारण नव्हतं. डीएम अजून त्याच्या मतावर ठाम आहे.

त्याच फेरीत ते पाच गॉब्लिन पुन्हा भेटले. फाशांची बेरीज सात, म्हणजे संभ्रम. वकीलबाईंनी नवाही ड्वार्फच घेतला होता. ती गॉब्लिनांच्या भाषेत बोलायला लागली आणि मालवी मित्राने मागून पुस्ती जोडली, ‘हाँ हाँ, पेले बात तो कर लो इनसे!’ तिने कोरड्या शिध्याच्या बदल्यात वाट मागितली. दुसऱ्यांदा बेरीज आली आठ, तिच्या करिष्म्याचा (छाप पाडण्याचा गुण) एक मिळवून नऊ. सौदा पटला. वर गॉब्लिनांनी सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर जे आहे त्याला तेही भितात, जिन्याने जाऊ नका, पाणी ओढायच्या चाकाच्या बाजूने उतरा. गेल्या वेळी ज्यांच्यापायी पाच जण गेले, त्यांच्याकडूनच या वेळी वाट कळली.

काकांनी दोन माणसं भाड्याने घेतली, एक मशालजी आणि एक भालेकरी. मशालजी दुसऱ्याच खेपेला खड्ड्यात पडून मेला. काकांनी त्याचा वाटा बाजूला काढून घरच्यांना पोचवायचा आग्रह धरला. नियमात असं काही नाही, पण डीएमने ते मान्य केलं आणि पुढच्या माणसाच्या निष्ठेत एक वाढवला. चांगला निर्णय. पुढे बारावीवाल्याचं नवं कॅरेक्टर मेलं, तेव्हा तो पाच मिनिटांत भालेकऱ्याचा खेळाडू झाला; रुसवा नाही, दुपार वाया गेली नाही.

एका रविवारी ते एका कुलूपबंद पेटीपाशी पोचले आणि काकांनी वहीवर बोट ठेवलं: मशाली दोन उरल्या, परतीला नऊ चौकटी. म्हणजे परतीलाच दोन्ही लागणार. वीस मिनिटं नुसती चर्चा, एकही फासा नाही. पेटी सोडून परत फिरले. खेळाचा कस पाहायचा तर मी ही वीस मिनिटं दाखवीन.

निष्पत्ती

संमिश्र. उन्हाळ्यापर्यंत दुसऱ्या लेव्हलला फक्त एकच कॅरेक्टर गेलं, मालवी मित्राचा नवा चोर, तेही चोराला १,२०० गुणच लागतात म्हणून. मृत्यू होत राहिले, पण अख्खी पार्टी पुन्हा मेली नाही. लढाया कमी आणि आखूड झाल्या. खेळाचा वेग मात्र मंदावला, पहिला तास खरेदी आणि ओझ्यातच जातो. कुणाला हे रटाळ वाटेल आणि त्याचं चूक नाही.

एक फायदा अनपेक्षित होता. प्रत्येक खेप गावातून निघून संध्याकाळपर्यंत गावात परतायची, या शिस्तीमुळे कुणी आलं नाही तरी गाडं अडत नाही. बारावीवाला बोर्डाच्या परीक्षेला महिनाभर गायब होता, त्याचं कॅरेक्टर धर्मशाळेत मुक्कामाला. रंगपंचमीच्या आठवड्यात गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) नादात कुणालाच खेळायला यायची शुद्ध नव्हती, तरी पुढच्या वेळी कुठवर आलो होतो हे आठवावं लागलं नाही.

आतेबहीण परतली नाही. ती आता दुसऱ्या एका गटाबरोबर ऑनलाइन पाचवी आवृत्ती खेळते आणि खूश आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मी तिच्याशी नंतर बोललो. गोदा मेली याचा राग तिला नव्हताच. ‘पळून जाता येतं हे मला माहीतच नव्हतं,’ ती म्हणाली. दोन वर्षं ती ज्या पद्धतीने खेळली होती तिथे समोर आलेली लढाई बहुतेक वेळा पेलण्याजोगी असते, अशी तिची समजूत झाली होती. ओवरीत बारा जण दिसल्यावर तिने गृहीत धरलं की डीएमने आपल्या ताकदीचा हिशेब केलाच असेल. त्याने केला नव्हता, कारण जुन्या पद्धतीत तो करायचाच नसतो. खाली काय आहे ते आधी ठरलेलं असतं आणि जायचं की नाही ते खेळाडूंनी ठरवायचं. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिने उंदरांवर मंत्र खर्च केला नसता, असं मला वाटतं.

तीन पानांची पूर्वकथाही कुणीतरी थांबवायला हवी होती. ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’मध्ये (२०१२) प्रत्येक खेळाडू सुरुवातीला तीन-चार शून्य लेव्हलची साधी माणसं घेऊन उतरतो आणि जी जगतात त्यांचीच कथा पुढे वाढते. इथे प्रत्येकी दोन कॅरेक्टर दिली असती तरी पुरलं असतं. भाड्याची माणसं पहिल्या दिवसापासून असती तर तेही चाललं असतं.

नियम वगळण्याबद्दल डीएमला दोष देणं सोपं आहे. पण पुस्तक वाचताना मशालीचा आणि मोरालचा नियम थोडक्यात संपतो, लढाईचे तक्ते मात्र पानोपानी असतात. नव्या आवृत्तीतून आलेल्या माणसाची नजर तक्त्यांवरच जाणार. एखादा नियम काढायचाच असेल तर आधी तो दोन-तीन खेपा खेळून पाहावा आणि मग काढावा, हा क्रम बरा. ओझ्याचा सविस्तर हिशेब या गटाने असाच पुढे सोडून दिला, आता फक्त चिलखत आणि खजिना मोजतात, आणि कुठे काही बिघडलं नाही.

डीएम आता नव्या खेळाडूला चार ओळींचा एक कागद देतो. शून्य एचपी म्हणजे मृत्यू. समोरचा तुमच्या ताकदीचा असेलच असं नाही. बाहेर आणलेलं सोनं म्हणजे अनुभव. बोलता येतं, पळता येतं, आणि मागे लागलेल्या जनावरापुढे शिधा टाकला तर सहापैकी तीन वेळा ते थांबतं.